झारमा श्रोत्यांसाठी बायबलकथा तोंडी कशी बसवावी

नायजरच्या नैऋत्येला नियामे, दोसो, तिलाबेरी या पट्ट्यात झारमा समाज राहतो. जवळजवळ सगळे मुसलमान आहेत. झारमा भाषेत संपूर्ण बायबल १९९० पासून आहे, पण खेड्यात वाचता येणारे कमी. म्हणून सुवार्तेचं काम पुस्तक वाटण्यापासून नव्हे, नीट बसवलेल्या कथेपासून सुरू करावं.

पहिली कथा उत्पत्ती (बायबलचं पहिलं पुस्तक) २२:१–१४ घ्या: देवाच्या सांगण्यावरून इब्राहिम आपल्या मुलाचा बळी द्यायला निघतो, आणि ऐनवेळी मुलाऐवजी मेंढ्याचा बळी दिला जातो. बकरी ईद (तिकडे तबास्की) घरोघरी होते, त्यामुळे इब्राहिम आणि मेंढा समजावून सांगावे लागत नाहीत. अडचण मुलाच्या नावाची येते. बहुतेक मुसलमान तिथे इस्माईल धरतात, उत्पत्तीत इसहाक आहे. कथा शास्त्रात आहे तशीच सांगा, वाद मात्र मध्येच सुरू करू नका. एकदा नावावरून खटका उडाला की झुडपात शिंगं अडकलेल्या मेंढ्यापर्यंत कोणी पोहोचतच नाही, आणि कथेचा जीव तर तिथेच आहे. नावाचा प्रश्न कथा संपल्यावर घ्या, आणि खरं उत्तर द्या.

मजकूर फ्रेंचवरून उतरवू नका. झारमा ज्याची मायबोली आहे अशा सहकाऱ्याला उतारा दोन-तीनदा ऐकवा, पुस्तक मिटा आणि त्याला आपल्या शब्दांत सांगू द्या. मराठी माणसाला इथे एक सोय आहे: झारमात कर्म बहुधा क्रियापदाआधी येतं. ‘आय ना मो ङ्वा’ म्हणजे मी भात खाल्ला. ‘घरात’ला ‘फुवो रा’, प्रत्ययासारखा शब्द मागून. पण ‘बा’ (हवं असणं) उलट वागतं: ‘आय गा बा हारी’, मला पाणी हवं. शिवाय स्वर चढला-उतरला की अर्थ बदलतो, म्हणून उच्चार कागदावरून नाही, कानाने पाठ करा.

कथा चार-पाच मिनिटांची ठेवा. मग ती कधीच न ऐकलेल्या माणसाला सांगा आणि त्याच्याकडून परत सांगून घ्या. तो जिथे गाळतो किंवा स्वतःचं घालतो, तिथे दोष कथेत आहे. तेवढा भाग दुरुस्त करून नव्या श्रोत्यावर तपासा. तिसऱ्या श्रोत्याने न अडखळता सांगितली, तरच ध्वनिमुद्रण करा. ही पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि चुकीची कथा एकदा पसरली की परत बोलावता येत नाही.

बैठक रात्रीच्या नमाजानंतर बरी. जून ते ऑक्टोबर बाजरीच्या शेतीत लोक दमलेले असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवांत. आधी गावप्रमुखाला भेटा आणि आपण ख्रिस्ती आहोत हे स्वच्छ सांगा. धान्य, औषध किंवा नोकरी कथेला जोडू नका. माणसं ऐकण्यासाठी यावीत, मिळण्यासाठी नव्हे.

फाइल ६४ केबीपीएस, मोनो एमपी३ ठेवली तर पाच मिनिटांना साधारण २.४ एमबी लागतात. बटणांच्या फोनमधल्या मेमरी कार्डावर सहज मावते. आवाज मात्र विचार करून निवडा. जानेवारी २०१५ मध्ये नियामेत अनेक चर्च जाळली गेली, आणि नव्या विश्वासणाऱ्याला घरचा रोषही सोसावा लागतो. गावात आवाज लगेच ओळखला जातो. म्हणून ज्या गावात कार्ड द्यायचं, तिथला आवाज त्यावर नको, आणि बोलणाऱ्याची स्पष्ट संमती प्रत्येक कथेला वेगळी घ्या.