दमट हवेत इलेक्ट्रिक गिटारचे फिनिश: जपणूक आणि दुरुस्ती

ठाणे किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या गिटारवादकाला वाद्याच्या फिनिशकडे, म्हणजे लाकडावरच्या चकचकीत किंवा मॅट संरक्षक थराकडे, जरा जास्तच लक्ष द्यावे लागते. खाडीकाठची दमट हवा आणि वर्षाचे बहुतेक महिने हाताला सुटणारा घाम ही त्याची दोन कारणे. तरीही पॉलिशची बाटली उघडण्याआधी आपल्या गिटारवर नेमके कोणते फिनिश आहे हे ओळखून घ्यावे, कारण एका फिनिशला न बाधणारा द्रव दुसऱ्याला विरघळवून टाकतो.

ढोबळमानाने दोन घराणी आहेत. एक नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे आपल्याकडचे फर्निचर पॉलिशवाले ज्याला एनसी लॅकर म्हणतात त्याचाच भाऊबंद. गिब्सन कंपनीच्या अमेरिकेत बनणाऱ्या गिटारवर ते आजही वापरले जाते. दुसरे पॉलियुरेथेन आणि पॉलिएस्टर. फेंडर कंपनीने १९६०च्या दशकाच्या अखेरीस पॉलिएस्टरचा वापर सुरू केला आणि आज परवडणाऱ्या किमतीच्या बहुतेक गिटारवर याच घराण्यातले फिनिश असते. शंका असल्यास पिकगार्ड (तारांखालच्या भागावर बसवलेली प्लॅस्टिकची पातळ पट्टी) काढून त्याच्याखाली, एरवी न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या बोळ्याने एनसी थिनरचा अगदी लहानसा ठिपका लावावा. काही सेकंदांत पृष्ठभाग चिकट झाला तर ते नायट्रो, आणि काहीच फरक पडला नाही तर पॉली समजावे. दर्शनी भागावर हा प्रयोग कधीही करू नये.

रोजच्या निगेसाठी वाजवून झाल्यावर मऊ, कोरड्या मायक्रोफायबरच्या फडक्याने घाम पुसून घेणे पुरेसे असते. उजव्या हाताचा कोपर टेकतो ती कड आणि ब्रिजभोवतालचा (तारा बॉडीवर जेथे टेकतात त्या पट्टीभोवतालचा) भाग विशेष लक्ष देऊन पुसावा, कारण घामातील क्षार तेथे सर्वांत जास्त साचतात. जुना चिकट थर निघत नसेल तर लायटरमध्ये भरायचे नॅफ्था फडक्यावर थोडेसे घेऊन पुसावे. पूर्ण वाळलेल्या दोन्ही प्रकारच्या फिनिशला त्याने इजा होत नाही. मात्र नॅफ्था झटकन पेट घेते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि जवळपास उदबत्तीदेखील नसावी. सिलिकॉन असलेले चमकदार पॉलिश टाळावे असे माझे ठाम मत आहे, कारण भविष्यात त्या जागी नवा थर द्यायचा झाल्यास तो सलग बसत नाही आणि त्यात बारीक खळगे पडतात. मॅट फिनिश असेल तर कोणतेच पॉलिश नको. घासलेली जागा कायमची चकाकू लागते.

काही धोके पटकन ध्यानात येत नाहीत. संध्याकाळी डासांसाठी अंगाला लावायच्या काही मलमांत आणि फवाऱ्यांत डीट नावाचे रसायन असते आणि ते रंग व प्लॅस्टिक मऊ करते, म्हणून गिटारला हात लावण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर नायट्रोला घातक ठरतो. स्टँडवरील रबर किंवा फोममधील प्लॅस्टिसायझर (ते लवचीक ठेवणारे रसायन) हळूहळू नायट्रोमध्ये उतरून तेथे न निघणारा डाग पडतो. त्यावर साधा सुती कापड गुंडाळला तरी काम भागते. पावसाळ्यात गिटार बॅगेत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि आर्द्रता शक्यतो ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राखावी. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून बाहेर आणल्यावर बॅग लगेच उघडू नये. तापमानात अचानक बदल झाल्यास, विशेषतः नायट्रोवर, केसासारखे तडे जाऊ शकतात.

आता दुरुस्ती. पट्ट्याच्या बकलाने मागे पडलेले बारीक ओरखडे रबिंग कंपाउंडने (घासून चकाकी आणणाऱ्या पेस्टने) बरेच कमी होतात, आणि लाकूड उघडे न पडलेला पोचा तसाच सोडून देणे उत्तम. टवका उडून लाकूड दिसू लागले असेल तर मात्र तो भरावा, नाहीतर आपल्या हवेत ओलावा तेथून आत शिरून आजूबाजूचे फिनिश उचलू लागतो.

पॉली फिनिशवरील टवका फेविक्विकसारख्या सायनोॲक्रिलेट गोंदाने भरता येतो. जागा नॅफ्थाने पुसून सुकवावी, रंग गेला असल्यास जुळणाऱ्या टचअप पेंटचा पातळ थर देऊन तो पूर्ण वाळू द्यावा आणि मग टूथपिकच्या टोकाने गोंदाचा एकेक थेंब सोडत खड्डा आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित वर येईपर्यंत भरावा. रात्रभर तसेच ठेवावे. दुसऱ्या दिवशी दाढीच्या ब्लेडच्या दोन्ही टोकांना टेप चिकटवून मधली जेमतेम सेंटिमीटरभर धार उघडी ठेवावी आणि ब्लेड उभे धरून, किंचित वाकवून, उंचवटा अलगद खरवडावा. टेपच्या जाडीमुळे धार शेजारच्या फिनिशला लागत नाही. उंचवटा जवळजवळ सपाट झाला की लहान खोडरबरावर ८००, मग १०००, १५०० आणि शेवटी २००० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून, साबणाच्या पाण्याच्या मोजक्या थेंबांसह घासावे. स्क्रूच्या छिद्रांजवळ पाणी मुळीच जाऊ देऊ नये, कारण लाकूड फुगले की छिद्राभोवती फिनिश तडकते. शेवटी कंपाउंड लावून चकाकी आणावी. भरलेल्या जागेची पुसटशी कड तिरप्या उजेडात दिसत राहिली तरी ती घासून घालवण्याच्या नादात मूळ थर झिजवू नये.

नायट्रोसाठी हाच क्रम, पण गोंदाऐवजी लॅकरच वापरावे. नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो आणि कड जवळपास नाहीशी होते. मात्र थेंब हळूहळू आटत खाली बसतो, म्हणून दोन थरांमध्ये एक दिवस आणि घासण्यापूर्वी काही आठवडे जाऊ द्यावेत. हे काम जून ते सप्टेंबर या काळात करू नये. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प जमते आणि लॅकर दुधाळ पडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील कोरडी दुपार त्यासाठी सर्वांत सोयीची.

नेक (गिटारची मान) आणि बॉडीच्या जोडावर किंवा हेडस्टॉकच्या (तारा ताणायच्या खुंट्या असतात त्या टोकाच्या) मागे तडा दिसला आणि नखाने हलके दाबल्यावर तो उघडझाप करत असला, तर तो फिनिशचा नसून लाकडाचा तडा असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी त्यात गोंद न सोडता तारा सैल कराव्यात आणि गिटार अनुभवी कारागिराकडे न्यावी, कारण फटीत आधीच गोंद गेला असेल तर त्याला तो जोड नीट चिकटवता येत नाही.