आई-बाबांना सॅन फ्रान्सिस्को दाखवायचंय? ऑक्टोबर गाठा

तिकीट जुलैचं काढू नका. उन्हाळ्यात किनाऱ्यापासून आत असलेलं कॅलिफोर्नियाचं खोरं तापतं, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरचं गार धुकं शहरात शिरतं. गोल्डन गेट पूल बघायला जावं, तर मनोरेच गायब! सप्टेंबरअखेरपासून ही ओढ मंदावते. ऑक्टोबरात दुपारी साधारण २०-२१ अंश, ऊन अंगावर घ्यावंसं वाटेल असं.

पण सूर्य कलला की लगेच गारठा. एकच जाड कोट देण्यापेक्षा सुती कपड्यांवर पातळ स्वेटर आणि वारा अडवणारं जाकीट द्या. पुलावर वारा थेट कानात घुसतो. आईच्या पर्समध्ये स्कार्फ आणि बाबांच्या खिशात त्यांची ती गावाकडची कानटोपी हवीच.