सातारा-सांगलीत राहून मुक्त विज्ञान-पर्यावरण पत्रकारिता: सुरुवात कशी करावी

तालुक्याच्या बातमीदाराशी वेगात स्पर्धा करू नका. कृष्णेचं पाणी पात्राबाहेर आलं की त्याचा व्हिडिओ अर्ध्या तासात गावोगावच्या ग्रुपवर फिरलेला असतो. मुक्त पत्रकाराचा लेख संपादक त्यानंतर घेतो, आणि तोही आकडे तपासलेले असतील, कारण उलगडून दाखवलेलं असेल तरच. त्यामुळे एक विषय वर्षभर लावून धरणं आणि त्याची स्वतःची फाइल वाढवत नेणं, हेच या कामातलं खरं भांडवल.

विषयांची इथे वाण नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. कोयनेचं धरण आणि तिथले भूकंप, कासचा सडा (फुलांचं कातळपठार), चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प हे सगळं साताऱ्याच्या पश्चिमेला. सांगलीकडे उतरलं की पूर, ऊस, तासगावची द्राक्षं आणि जत-आटपाडीच्या बाजूला उपसा सिंचन योजना. यातला एकच धागा धरा. ‘पर्यावरण’ हा विषय पहिल्या वर्षासाठी फार मोठा आहे. ‘कोयनेचं पाणी’ पुरेसा आहे.

पाण्याचे आकडे

टीएमसी म्हणजे साठा आणि क्युसेक म्हणजे वेग, हा फरक अंगवळणी पडल्याशिवाय पुराबद्दल एक ओळही लिहू नये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28.3 लिटर. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. 11,574 क्युसेकचा विसर्ग सलग 24 तास चालला तर एक टीएमसी पाणी जातं. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कोयनेची एकूण क्षमता 105.25 टीएमसी आहे. तिथून 50 हजार क्युसेक पाणी दिवसभर सोडलं तर सुमारे 4.3 टीएमसी, म्हणजे क्षमतेच्या चार टक्क्यांच्या आसपास साठा उतरेल. ‘धरण एका दिवसात रिकामं केलं’ असं कुणी बोललं तर हा हिशेब समोर ठेवता येतो.

विसर्गाच्या बातमीत नेहमी होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. वक्र दरवाजांतून जाणारं पाणी आणि पायथा वीजगृहातून जाणारं 1,050 किंवा 2,100 क्युसेक यांची बेरीज कधी होत नाही, कधी दोनदा होते. ‘दरवाजे पाच फुटांवर’ एवढ्यावरून विसर्ग कळत नाही, कारण तेवढ्याच उघडीतून किती पाणी जाईल हे जलाशयाच्या पातळीवर ठरतं. टक्केवारी देताना ती एकूण साठ्याची की उपयुक्त (प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या) साठ्याची, हे लिहायलाच हवं. कोयनेचं तांत्रिक वर्ष 1 जूनला सुरू होऊन 31 मेला संपतं आणि पश्चिमेकडच्या वीजनिर्मितीचा 67.50 टीएमसीचा कोटाही त्याच वर्षात मोजला जातो. कॅलेंडर वर्षाशी तुलना केली की सगळं गणित फसतं.

सांगलीत पुराचं माप म्हणजे कृष्णेवरचा आयर्विन पूल. तिथे इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. 2005, 2019 आणि 2021 हे तीन पूर जुन्या नोंदींसह समोर असल्याशिवाय नव्या पुराबद्दल ‘अभूतपूर्व’ हा शब्द वापरू नका. पुराचं खापर एकट्या कोयनेवर किंवा एकट्या अलमट्टीवर (कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण) फोडणारा लेख वाचकाला लगेच पटतो आणि म्हणूनच तो धोक्याचा असतो. कराडला कोयना कृष्णेला मिळते, पण धोम, कण्हेर, उरमोडी या धरणांचं पाणीही त्याच पात्रात येतं. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा मिळते आणि तिला फुगवटा असला की सांगलीचं पाणी उतरत नाही. शिवाय धरणांच्या खालच्या मुक्त पाणलोटात पडणारा पाऊस कुठल्याच दरवाजाच्या ताब्यात नसतो. अलमट्टीबद्दल लिहायचं तर तिथली त्या त्या दिवसाची पातळी (पूर्ण संचय पातळी 519.60 मीटर), आवक आणि जावक हे तीनही आकडे घ्या आणि सांगलीच्या पातळीशेजारी तासागणिक मांडा. हा तक्ता करायला दोन दिवस लागतात, पण तो असला की लेखाला दुसरा आधार शोधावा लागत नाही.

पावसाच्या शब्दांबाबतही हेच. ‘ढगफुटी’ हवामान खात्याच्या व्याख्येत तासाला 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर होते. दुपारभर ओढ्याला पूर आला म्हणजे ढगफुटी झाली असं नाही. महसूल विभाग 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाला अतिवृष्टी म्हणतो आणि ती महसुली मंडलातल्या (काही गावांच्या गटातल्या) पर्जन्यमापकावर मोजली जाते. शेजारच्या शिवारात धो धो कोसळला आणि मापकावर 40 मिलिमीटर नोंदला, असं सहज होतं. मग शेतकरी मदतीबाहेर राहतो. चांगला लेख तिथे आहे: मापक कुठे बसवलाय, भोवती झाडं-इमारती आहेत का, तो चालू होता का.

भूकंपाबद्दल थोडक्यात. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचं जगभर दिलं जाणारं उदाहरण आहे. त्याच अभ्यासासाठी गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विवर घेतलं गेलं आणि कराडजवळ केंद्र सरकारची प्रयोगशाळा उभी राहिली. धक्क्याची बातमी करताना 3 आणि 4 रिश्टरमध्ये ‘थोडाच फरक’ समजू नका. कंपनाचा आवाका दहापट आणि ऊर्जा सुमारे 32 पट वाढलेली असते.

नदीत मासे मेले, तेव्हा

हा प्रसंग तुमच्या वाट्याला नक्की येणार. पहाटे फोन येतो, काठावर मेलेल्या माशांचा खच असतो, लोक पोती भरून मासे नेत असतात आणि कारण आधीच ठरलेलं असतं: ‘मळीचं पाणी सोडलं.’ ते खरं असू शकतं. लिहिण्याआधी मात्र काठावर काय बघायचं ते ठरलेलं असावं.

पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन रात्रभर घटत जातो आणि सूर्योदयाच्या आधी सगळ्यात कमी असतो. म्हणून ऑक्सिजन संपून मेलेले मासे बहुतेक वेळा सकाळी दिसतात. अशा वेळी मोठे मासे आधी मरतात, काही पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकत असतात आणि हवेतून श्वास घेऊ शकणारे मरळ-मागूर तग धरतात. लहानमोठे सगळेच, सोबत खेकडे-झिंगेही एकदम मेले असतील तर विषारी द्रव्याचा संशय जास्त. ही लक्षणं म्हणजे निकाल नव्हे. कुणाला कोणता प्रश्न विचारायचा एवढं त्यातून कळतं.

मेलेले मासे पहिल्यांदा कुठे दिसले ते शोधत प्रवाहाच्या उलट दिशेने चालत जा. बंधाऱ्यात पाणी अडलेलं होतं का, वरून किती सुटत होतं, कुठला नाला मिळतो, त्याचा रंग-वास कसा, हे वेळेसह टिपा. फोटोत तारीख आणि ठिकाणाची नोंद चालू ठेवा. स्वतः बाटलीत भरून नेलेल्या पाण्याला फार किंमत नसते: ऑक्सिजन जागेवरच मोजावा किंवा रसायन घालून स्थिर करावा लागतो, बीओडीचा (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) नमुना थंड ठेवून लगेच प्रयोगशाळेत द्यावा लागतो. म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसांनी नमुना घेतला का, किती वाजता, कुठल्या ठिकाणी, हे विचारा. मासे मेल्यानंतर आठ तासांनी आणि दोन किलोमीटर खाली घेतलेला नमुना स्वच्छ आला तर त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही, आणि ही गोष्ट लेखात यायलाच हवी. आंघोळीयोग्य पाण्याचे निकष लक्षात ठेवा: ऑक्सिजन लिटरला किमान 5 मिलिग्रॅम, बीओडी 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको.

कारखान्याचं नाव घ्यायचं असेल तर लेखी प्रश्न पाठवा, उत्तराला किमान दोन दिवस द्या आणि उत्तर आलं नाही तर तसं छापा. ‘ग्रामस्थांचा आरोप आहे’ एवढ्या वाक्याआड लपून कुणाचं नाव छापलं तर बदनामीच्या दाव्यात ते वाक्य वाचवत नाही.

कागद कसे मिळवायचे

प्रदूषण नियंत्रण मंडळाची सातारा आणि सांगली अशी दोन उपप्रादेशिक कार्यालयं आहेत. साताऱ्याचं वरिष्ठ कार्यालय पुण्यात आणि सांगलीचं कोल्हापुरात. अर्ज चुकीच्या दारात गेला की महिना वाया जातो.

माहिती अधिकारात ‘कृष्णा प्रदूषित का झाली?’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, कारण कायदा उपलब्ध नोंदी देतो, खुलासे नाही. असं विचारा: ‘1 जानेवारी ते 31 मार्च या काळात आपल्या कार्यालयाने कृष्णा नदीतून घेतलेल्या पाणी-नमुन्यांचे विश्लेषण अहवाल, ठिकाण व तारखेसह.’ महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो. शुल्क 10 रुपये, प्रतीला पानामागे 2 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. पुढे पहिलं अपील 30 दिवसांत, दुसरं 90 दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. दुसऱ्या अपिलाला फार वेळ लागतो, तेव्हा लेखाचा सगळा भार एकाच अर्जावर टाकू नका. आधी नस्ती (कार्यालयातली फाइल) पाहण्याची परवानगी मागणं शहाणपणाचं: पहिला तास मोफत असतो आणि नेमकं कोणतं पान हवं ते कळतं.

प्रकल्पांसाठी केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या परिवेश पोर्टलवर अर्ज, पर्यावरणीय आघात अहवाल आणि बैठकांची इतिवृत्तं मिळतात. 2006 च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते. ते 30 दिवस तुमच्या कामाचे आहेत. मराठी सारांश आणि मूळ इंग्रजी अहवाल शेजारी ठेवून वाचा. काय गाळलंय ते बघा. वनस्पती-प्राण्यांच्या यादीत इथे न सापडणारी जात दिसली तर अहवाल दुसरीकडून उचलल्याचा तो पहिला सुगावा.

शास्त्रज्ञांशी बोलताना

जवळची माणसं आधी शोधा. शिवाजी विद्यापीठ, सांगली-साताऱ्याची विज्ञान महाविद्यालयं, कसबे डिग्रजचं हळद संशोधन, महाबळेश्वरचं गहू गेरवा संशोधन केंद्र, कृषी विज्ञान केंद्रं. फोन करण्याआधी त्यांचा शोधनिबंध वाचलेला असावा, निदान पद्धती आणि मर्यादा हे दोन भाग. नमुने किती, किती हंगामांचे, तुलनेला काय धरलं, निबंधाचं समीक्षण झालंय की तो अजून प्रीप्रिंट आहे? ‘धोका दुप्पट’ असं लिहिण्याआधी मूळ धोका विचारा. लाखात दोनाचे चार झाले तरी दुप्पटच. त्या अभ्यासात सहभागी नसलेल्या दुसऱ्या अभ्यासकाचं मत घेतल्याशिवाय लेख पूर्ण समजू नका. छापण्याआधी अख्खा लेख दाखवू नये. तांत्रिक परिच्छेद आणि त्यांची विधानं मात्र जरूर तपासून घ्यावीत.

रानात

अभयारण्यात शिरायला वनविभागाची लेखी परवानगी लागते; ओळखीच्या वनरक्षकासोबत आत जाऊन फोटो छापला तर अडचणीत तो येतो. कासवर कातळावरचा मातीचा थर जेमतेम काही इंचांचा आहे, फोटोसाठी पायवाटेबाहेर टाकलेलं पाऊल त्या फुलांचं बी तुडवतं. वायतुऱ्यासारख्या मोजक्या ठिकाणी उगवणाऱ्या वनस्पतीची नेमकी जागा लिहू नका आणि फोटोतली स्थाननोंद काढून टाका.

बिबट्याच्या बातमीत शिराळा-कराड पट्ट्यात भाषाच घात करते. उसात मादी पिल्लं घालते, तोडणीत ती सापडतात. पिल्लं त्याच जागी ठेवून माणसं लांब झाली तर बहुतेक वेळा मादी रात्री येऊन घेऊन जाते. अशा वेळी गर्दी जमवणारा लाइव्ह व्हिडिओ करू नये. ‘घुसला’, ‘नरभक्षक’ हे शब्द पुरावा असल्याशिवाय वापरू नयेत. उसातच जन्मलेला प्राणी घुसत नाही.

लेख विकणं आणि पैसे

आधी अख्खा लेख पाठवू नका, प्रस्ताव पाठवा. दोनशे-अडीचशे शब्द पुरतात: काय नवं आहे, आत्ताच का, कोणते कागद हातात आहेत, कोणाशी बोलणार, किती शब्द, किती दिवस, प्रवासखर्च किती. ‘सांगलीच्या पुरावर लिहायचंय’ हा प्रस्ताव होत नाही. ‘2019 नंतर पूररेषेच्या आत किती बांधकाम परवाने दिले गेले, याचे महापालिकेचे कागद मिळाले आहेत’ हा होतो. पुराचे प्रस्ताव मेमध्ये, कासचे जुलैत, टंचाईचे जानेवारीत पाठवा. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा आणि मग दुसरीकडे वळा. एकाच वेळी दोघांना पाठवून दोघांनी होकार दिला तर दोन्ही दारं बंद होतात. मराठी दैनिकांच्या पुरवण्यांबरोबर पारी, डाउन टू अर्थ, मोंगाबे इंडिया ही ठिकाणं वाचत राहा. अर्थ जर्नालिझम नेटवर्क लेखांसाठी अनुदानं जाहीर करतं.

निव्वळ लेखांवर सुरुवातीची दोन-तीन वर्षं घर चालत नाही. अनुवाद, संपादन, अहवाललेखन ही जोडकामं घ्या, पण ज्या संस्थेचं काम घेतलं तिच्याबद्दल लिहू नका, आणि लिहावंच लागलं तर संपादकाला आधी सांगा. जिल्हा माहिती कार्यालयात आपला ईमेल देऊन प्रेसनोटच्या यादीत नाव घालून घ्या.

होकार आल्यावर मानधन, प्रवासखर्च, लेख नाकारला तर काय मिळणार आणि मराठीत किंवा इंग्रजीत पुन्हा छापायचा हक्क कोणाचा, हे चारही मुद्दे ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं बोलणं संपादक बदलला की संपतं. लेख छापून आला त्याच दिवशी बिल पाठवा. त्यावर पॅन, बँक तपशील, लेखाचं शीर्षक आणि तारीख असावी. व्यावसायिक शुल्कातून सहसा 10 टक्के टीडीएस कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा झाला का, हे दर तिमाहीला 26एएसमध्ये (आयकर खात्याकडचं तुमच्या करकपातीचं पत्रक) तपासा. उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरा, नाहीतर कापलेले पैसे परत मिळत नाहीत.