सेमिस्टरच्या सुट्टीत रोहित पक्षी बघायचे तर

डिसेंबरची परीक्षा संपली की मी एमएस्सीच्या वह्या मिटते आणि चित्रांची वही काढते. तोवर ठाणे खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, यायला लागलेले असतात. मेपर्यंत त्यांचा मुक्काम असतो.

आधी भरती बघा. कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा. अष्टमीला पूर्ण भरती साधारण सहाला, आत खाडीत जराशी उशिरा. ओहोटीला पक्षी चिखलावर लांब पांगतात. पाणी चढू लागलं की काठाकडे सरकतात. म्हणून भरतीच्या दोनेक तास आधी पोचा. मी सीवूड्सला उतरून नेरुळच्या काठावर जाते. बोटीतून बघायचे असतील तर ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात आधी चौकशी करा.

दुर्बीण ८×४२ची पुरते. चोच नीट बघा: छोट्या रोहितची गडद लाल, लांबून काळीच वाटते, मोठ्याची गुलाबी, फक्त टोक काळं. खाताना ते डोकं उलटं धरून पाणी गाळतात. ती मान कागदावर उतरवायला फार मजा येते! आधी मानेची एकच रेघ ओढा, पाय शेवटी.

ड्रोन मुळीच नको, थवा बिथरतो.