बेलफास्टच्या फ्लाला निघताना

तयारी उच्चारापासूनच करावी लागते. कागदावर या मेळ्याच्या नावाचं स्पेलिंग भलतंच लांबलचक दिसतं, पण म्हणायचं 'फ्ला ख्योल', आणि इथे आयर्लंडमध्ये लोक तर नुसतं 'फ्ला' म्हणतात. आयरिश पारंपरिक संगीताचा हा सगळ्यात मोठा मेळा. 1951 साली मलिंगर गावात सुरू झाला, कोल्तस नावाची संस्था तो भरवते, आणि आपल्या साहित्य संमेलनासारखा तो गावं बदलत फिरतो. 2024 आणि 2025 साली वेक्सफर्डला होता. यंदा 2 ते 9 ऑगस्ट 2026 बेलफास्टला आहे. गेल्या वर्षी आम्ही डब्लिनहून वेक्सफर्डला दोनच दिवसांसाठी गेलो होतो. या वेळी पुण्याहून आई-बाबाही (म्हणजे माझे सासू-सासरे) येणार आहेत. त्यामुळे आधी मनाशी सगळं मांडून बघतेय. कुणाला उपयोग झाला तर झाला.

पहिली अडचण अशी की बेलफास्ट आयर्लंडच्या बेटावर असलं तरी ते उत्तर आयर्लंड, म्हणजे ब्रिटन. आयर्लंडचा साधा व्हिसा तिथे चालत नाही. आमच्या एका घरात तीन तऱ्हा आहेत. लेकीचा पासपोर्ट आयरिश, तिला काहीच लागत नाही. माझा आणि नवऱ्याचा भारतीय, सोबत इथलं रहिवासी कार्ड. पण त्या कार्डाला सीमेपलीकडे किंमत नाही, आम्हा दोघांना ब्रिटनचा वेगळा व्हिसा काढावा लागतो. आई-बाबांचं मात्र सोपं आहे, कारण भारतातून आयर्लंडच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी अर्ज केला की त्यावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा मिळू शकतो आणि एकाच व्हिसावर दोन्ही देश होतात. अट अशी की ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरायचं. म्हणून तिकीट काढताना लंडनला बाहेर पडावं लागेल असा स्वस्तातला मार्ग घ्यायचा नाही. आखातातून सरळ डब्लिन. व्हिसा हातात आला की शेरा आहे की नाही ते त्याच दिवशी वाचा, डब्लिनच्या विमानतळावर नको. ट्रेनमध्ये सीमेवर कुणी अडवत नाही, त्यामुळे 'कोण बघतंय' असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. अधूनमधून डब्यात येऊन कागद बघतात.

अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, तेव्हा मे महिन्यात बसायचंच. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, प्रवासाचा विमा, आम्ही बोलावल्याचं पत्र हे सगळे करतात. अडतं ते नावावर. आईंचं लग्नात नाव बदललं, पासपोर्टवर सासरचं नाव, आणि नवऱ्याच्या जन्मदाखल्यावर कुणी कोण जाणे माहेरचं लिहून ठेवलेलं. कागदोपत्री माझ्या नवऱ्याची आई दुसरीच कुणीतरी! मागच्या खेपेला ऐन वेळी प्रतिज्ञापत्रासाठी धावाधाव झाली. तुमच्याही घरात अशा दोन नावांच्या आई असतील तर आजच दाखले काढून शेजारी शेजारी ठेवून बघा.

राहायचं ठिकाण व्हिसाची वाट न बघता, फुकट रद्द करता येईल असं घेऊन ठेवायचं. फ्लाच्या आठवड्यात हॉटेलवाले तोंडाला येईल तो आकडा सांगतात. बेलफास्टमध्ये परवडत नसेल तर न्यूरी किंवा डंडॉकला राहावं. डब्लिन-बेलफास्ट एंटरप्राइज गाडी दोन्हीकडे थांबते आणि बेलफास्टला ग्रँड सेंट्रल स्टेशनात उतरवते. पूर्ण प्रवास साधारण दोन तासांचा आहे. सीट आरक्षित करा, कारण सोमवार 3 ऑगस्टला आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुटी आहे आणि त्या शनिवार-रविवारी अर्धं डब्लिन बॅगा घेऊन निघालेलं असेल. वयस्कर माणसं असतील तर मंगळवार ते गुरुवार उत्तम. शेवटच्या शनिवार-रविवारी रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. तरुण असाल तर तेव्हाच जा.

कपड्यांचं थोडक्यात. ऑगस्ट म्हणजे उन्हाळा, पण त्यांचा: अठरा-एकोणीस अंश, आणि पाऊस कधीही. छत्री आणू नका, वाऱ्याने उलटते आणि गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. टोपीवालं जाकीट, आत स्वेटर. आईंना साडीवर बूट घालायला लाज वाटते, म्हणून पंजाबी ड्रेस ठरलाय. खाण्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बाकरवडी खुशाल आणा. पेढे, बर्फी आणि घरचं तूप नाही, दुधाचे पदार्थ भारतातून आणायला बंदी आहे. बाबांना हे तीनदा सांगून झालंय. चौथ्यांदा सांगणार आहे.

आता खरी तयारी, आणि तिला बॅग लागत नाही. फ्ला म्हणजे तिकीट काढून खुर्चीत बसायचा कार्यक्रम, असं समजून गेलात तर फसगत होते. मोठे रंगमंच असतात, केली बँडच्या, म्हणजे नाचासाठी वाजवणाऱ्या वाद्यवृंदांच्या, स्पर्धा असतात, त्यांची तिकिटं आधी घ्यायची. पण जीव आहे तो 'सेशन'मध्ये. पबच्या कोपऱ्यात चार-सहा माणसं फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बासरी, कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी भात्याची पेटी) घेऊन एकमेकांकडे तोंड करून बसतात. तुमच्याकडे पाठ असते. माइक नसतो. कुणी सुरू करतं, बाकीचे शिरतात. गावच्या देवळात गुरुवारी भजनी मंडळ बसतं ना, ऐकणारे असोत नसोत, तसंच हे. म्हणून दिवसाचं वेळापत्रक अर्धं कोरं ठेवा. आम्ही वेक्सफर्डला दर तासाचं ठरवून गेलो आणि सगळ्यात चांगलं सेशन 'आता निघायचंय' म्हणून अर्ध्यात सोडलं. ते अजून लागतं मनाला.

तिथलाच एक प्रसंग. सकाळचे अकरा, पबमध्ये कॉफीचा वास, खिडकीखाली सत्तरीच्या एक बाई कॉन्सर्टिना वाजवत होत्या, शेजारी त्यांची नात असावी अशी मुलगी फिडलवर. पुण्याची माझी मावशी आमच्याबरोबर होती. तिने दुसऱ्याच आवर्तनाला टाळ्यांनी ताल धरला. आपल्याकडे ती दाद. इथे छोट्या खोलीत टाळी वाजली की वाजवणारे अडखळतात, कारण लय त्यांच्या गजाच्या आणि बोटांच्या झोकात असते, टाळीच्या ठोक्यात ती बसतेच असं नाही. त्या बाईंनी वाजवणं थांबवलं नाही. नुसतं हसून मावशीच्या चपलेकडे बघितलं आणि स्वतःचा पाय जमिनीवर हळूच आपटून दाखवला. मावशी समजली. पुढचा अर्धा तास तिचा अंगठा हलत होता.

तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवायचं. टाळी सेट, म्हणजे लागोपाठच्या धुनांची माळ, संपल्यावर. वाजवणाऱ्यांच्या वर्तुळातली रिकामी खुर्ची रिकामी नसते, कुणीतरी बाहेर गेलेलं असतं. मोबाइलवर टिपायचं तर आधी विचारा. कुणी गायला लागलं, विशेषतः शॅन-नोस ढंगाने, साथीविना, तर पेला ठेवल्याचाही आवाज करायचा नाही. आणि बोरॉन, म्हणजे ते हातात धरायचं चामड्याचं तालवाद्य, एका सेशनमध्ये एकच बरं असतं. बाबा तबला शिकलेले असल्यामुळे त्यांचे हात शिवशिवणार हे मला दिसतंय.

कानाची ओळख आधी झाली तर मजा दुप्पट होते. रोज संध्याकाळी स्वयंपाक करताना लावते. जिग सहा मात्रांची, आपल्या दादऱ्याच्या चालीची. रील चारची, धावती. धुनेचे दोन भाग, प्रत्येक आठ मापांचा (म्हणजे तालाच्या आठ आवर्तनांचा), प्रत्येक दोनदा. ते चक्र दोन-तीनदा फिरलं की न थांबता दुसरी धून. ती वळण्याची जागा ओळखता येऊ लागली की बाबांना सम सापडल्याचा आनंद होतो. इलिन पाइप्स त्यांना आधीच आवडलेत. कोपराखालच्या भात्याने हवा भरायची ती बॅगपाइप; तिच्यात एक अखंड सूर चालू असतो. 'हा तानपुरा झाला,' बाबा म्हणाले आणि टीव्हीचा आवाज स्वतःहून कमी केला.

मुलांसाठी वेगळी यादी. लेक शाळेत टिन व्हिसल शिकते, डी सुरातली, सहा भोकांची. सोमवार ते शुक्रवार स्कोल एग्शे नावाची शिकवणी चालते, तिची नोंदणी सुरू झाली की लगेच करायची. धाकटा पाच वर्षांचा; त्याला कानावरचे आवाज-रोधक हेडफोन, खिशात खाऊ, आणि मनगटावर माझा नंबर लिहिलेला पट्टा. पबमध्ये मुलं चालतात, पण वेळेपुरती. आयर्लंडमध्ये मे ते सप्टेंबर रात्री दहापर्यंत मुभा असते, बेलफास्टमध्ये नऊच धरून चाला आणि दारात विचारा. बाहेर सव्वानऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे मुलांना 'रात्र झाली' पटत नाही. त्या भांडणाचीही तयारी ठेवा.

आई-बाबांचे गुडघे लक्षात घेऊन एक युक्ती. बारा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धा बघा. शाळांच्या किंवा सभागृहांच्या खोल्यांत असतात, बसायला खुर्ची, डोक्यावर छप्पर, जवळ स्वच्छतागृह, आणि समोर जिल्ह्याची नि प्रांताची फेरी जिंकून आलेलं दहा वर्षांचं पोर. शांतता अशी की त्याचा श्वास ऐकू येतो.

पैशांत एक गंमत. बेलफास्टला युरो नाही, पौंड. कार्ड सगळीकडे चालतं, पण रस्त्यावर उघडी केस ठेवून वाजवणाऱ्या मुलांसाठी पौंडाची नाणी हवीत. वेक्सफर्डला आमच्या लेकीनेही टोपी मांडली होती. तीन धुना येत होत्या, त्याच फिरून फिरून वाजवल्या आणि अकरा युरो साठ सेंट मिळवले. त्यातले दोन बाबांनी व्हिडिओ कॉलवरून 'माझ्या नावाने टाक' म्हणून टाकायला लावले होते. या वर्षी चौथी धून बसवायची चाललीय. दुसऱ्या भागात वरच्या सप्तकात जाताना व्हिसल किंचाळते आणि शेजारचं कुत्रं उत्तर देतं.

एक गोष्ट उरलीय. बाबांनी आळंदीचे टाळ बॅगेत घातलेत. चेक-इनच्या बॅगेत घाला, हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीला उगाच उघडायला लावतील, एवढं मी बोलले. ते तिथे काढायचे का, याबद्दल फोनवर अजून कुणीच विषय काढलेला नाही.