कॉक्लियर इम्प्लांट: स्कॅन बघून इलेक्ट्रोड निवडताना या चुका टाळा

कॉक्लियर इम्प्लांटआधीच्या स्कॅनच्या रिपोर्टात ‘आतील कान नॉर्मल’ एवढं वाक्य दिसलं की नेहमीचा इलेक्ट्रोड (आतील कानात सरकवायची, श्रवणाच्या नसेला विद्युत इशारे देणारी तार) मागवून आपण मोकळे होतो. पण नॉर्मल म्हणजे एकाच मापाचा नव्हे. अडीच वेढ्यांच्या निरोगी कॉक्लियाची (आतील कानातल्या शंखासारख्या भागाची) लांबीसुद्धा साधारण 25 ते 36 मिमी असू शकते. 28 मिमीचा इलेक्ट्रोड मोठ्या कॉक्लियात बराच अलीकडे थांबतो आणि खालच्या सुरांचा भाग मोकळा राहतो. लहान कॉक्लियात तो पुरता शिरत नाही. रेटला तर आतला नाजूक पडदा फाटतो.

खरा घोळ मापात होतो. बेसल टर्नचा (कॉक्लियाच्या सर्वांत खालच्या वेढ्याचा) व्यास, म्हणजे आपली ‘ए व्हॅल्यू’, स्कॅनच्या नेहमीच्या आडव्या स्लाइसवर मोजू नका. बेसल टर्न पूर्ण दिसेल असा तिरका छेद काढा. राउंड विंडोपासून (कॉक्लियाच्या तळाची पडदा असलेली खिडकी) मॉडिओलसमधून (कॉक्लियाच्या मधला हाडाचा दांडा) समोरच्या भिंतीपर्यंत रेघ ओढा. सरासरी 9 मिमीच्या आसपास येते. कॉक्लियाच्या लांबीच्या सूत्रात ही संख्या चाराहून थोड्या मोठ्या आकड्याने गुणतात, त्यामुळे इथली अर्ध्या मिलिमीटरची चूक तिथे दोन मिमी होते. 1 मिमी जाडीच्या स्लाइसवर हे जमत नाही, 0.6 मिमी किंवा त्याहून पातळ हव्यात. फिल्म नको, डायकॉम फाइलची (स्कॅनच्या मूळ डिजिटल प्रतिमांची) सीडी मागा. सॉफ्टवेअरने आकडा दिला तरी त्याने रेघेच्या टोकांचे ठिपके कुठे ठेवलेत ते स्वतः बघा.

मेंदुज्वरानंतर बहिरेपण आलेल्या मुलात फक्त सीटीवर विसंबू नका. अशा कॉक्लियात हाड बनण्याआधी आत तंतू भरतात. ते सीटीत दिसत नाहीत, टी-टू एमआरआयमध्ये (द्रव पांढरा दाखवणारा प्रकार) मात्र द्रवाचा पांढरा सिग्नल गायब झालेला असतो. मधल्या काळात आत हाड बनलेलं असू शकतं, म्हणून काही महिन्यांपूर्वीचा स्कॅन तर इथे जवळजवळ निरुपयोगीच.

एमआरआयच्या तिरक्या छेदात कॉक्लियर नर्व्ह (श्रवणाची नस) दिसतच नसेल, तर आधी त्या नसेचा विचार, इलेक्ट्रोड नंतर.

आतील कानाच्या प्रत्येक विकृतीला ‘मॉन्डिनी’ (कॉक्लियाची एक ठरावीक जन्मजात विकृती) म्हणायची आपली सवयही सुटायला हवी. मॉन्डिनीत खालचा वेढा आणि तिथला मॉडिओलस शाबूत असतो. आयपी-थ्री (इन्कम्प्लीट पार्टिशन टाइप 3) या दुसऱ्या विकृतीत मॉडिओलसच नसतो आणि कॉक्लियाचा तळ आंतरकर्णनलिकेत (कानाच्या नसा जाणारा हाडातला बोगदा) उघडा असतो. अशा कानात मॉडिओलसला बिलगणारा वळणदार इलेक्ट्रोड काय कामाचा? सरळ, आखूड आणि बुचासारखा स्टॉपर असलेला मागवा. कॉक्लिया उघडताच मेंदूभोवतीच्या पाण्याचा लोंढा येणार हे धरून चाला. इलेक्ट्रोड नलिकेत घुसला नाही ना, हे टाके घालण्यापूर्वी टेबलावरच एक्स-रे काढून बघा.