गरोदर बाईचा रात्रीचा ऑक्सिजन घरी कसा पाहायचा

मी चिमूर तालुक्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. 2020 च्या कोरोनात ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र, हाती आलं, ते आता गरोदर बायांसाठीही काढते. मागच्या हिवाळ्यात आठव्या महिन्यातल्या एका सुनेची सासू म्हणाली, "ताई, पोरगी रात्री घोरते, मधेच श्वास अडकते अन् दचकून उठते." दिवसा मोजलं तर 98. रात्री झोपेत लावलं तर आकडा 91 पर्यंत उतरत होता. दवाखान्यात नेलं, तर बीपीही वाढलेलं.

आधी बोट पाहा. मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो. बोटं गार असतील तर चोळून गरम करा. जागेपणी, बसवून, हात न हलवता मिनिटभर ठेवा. 95 किंवा वर पाहिजे. मग झोप लागल्यावर अर्ध्या तासाने, तिला न उठवता लावा अन् दहा मिनिटं जवळ बसा. नुसता आकडा पाहू नका, छातीही पाहा: घोरणं एकदम थांबते, छाती हलते पण श्वासाचा आवाज नाही, मग मोठा उसासा. हे दिसलं तर वेळ, आकडा, कुशी वहीत लिहा.

उताणी झोपू देऊ नका, सातव्या महिन्यापासून तर नाहीच. डावी कुशी बरी. पाठीमागे घडी घातलेली गोधडी लावा. उताणी जाग आली तर घाबरू नये, कुशीवर वळून झोपावं.

दोन गोष्टींत हे यंत्र फसवते. रक्त कमी होऊन हिमोग्लोबिन 7 पर्यंत उतरलेलं असलं तरी आकडा 98 येऊ शकतो, म्हणून हिमोग्लोबिन अन् आपल्या भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) वेगळं तपासायचंच. दुसरं, बंद खोलीत पेटती शेगडी. तिचा विषारी वायू रक्तात गेला तरी यंत्र चांगलाच आकडा दाखवते. शेगडी बाहेर ठेवा, बाप्पा.

जागेपणी परत मोजूनही 95 च्या खाली असेल, किंवा झोपेत आकडा वारंवार उतरत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आकडा 92 च्या खाली, धाप, छातीत दुखणं, ओठ निळे, यातलं एकही असेल तर वाट न पाहता 108 लावा.

बाकीच्यांनी दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते, तिथे वही न्या. घोरण्याचं तुम्हीच सांगा. तिला स्वतःला ते ठाऊक नसते.